दहा वर्षांच्या मुलाला भूत मिळेल का?

तुमच्या घरात, शेजारच्या फ्लॅटमध्ये किंवा मामाकडे आठ ते बारा वयाचं कुणी असेल, तर आज त्याला एक प्रश्न विचारा. ‘सगळ्यात डेंजर भूत कुठलं रे?’ उत्तर पटकन येईल. ‘स्त्री २’मधला सरकटा, ‘मुंजा’, नाहीतर ‘पॉपी प्लेटाइम’ या गेममधला तो निळा, केसाळ, सगळे दात दाखवणारा हगी वगी, जो मधे जत्रेतल्या खेळण्यांच्या स्टॉलवरही लटकलेला दिसायचा. आता पुढचा प्रश्न विचारा, ‘आणि पुस्तकातलं?’ इथे बहुतेक वेळा गाडी अडते. इंग्रजी वाचणारं मूल असेल तर ‘गूजबम्प्स’ म्हणेल. मराठी वाचणारं असेल तर तुमच्याकडेच बघत राहील.

हॉररचा सीझन जोरात आहे, हे वेगळं सांगायला नको. २०२४च्या जूनमध्ये ‘मुंजा’ आला, १५ ऑगस्टला ‘स्त्री २’, सप्टेंबरमध्ये ‘तुंबाड’ पुन्हा थिएटरला लागला आणि २०१८च्या पहिल्या फेरीपेक्षा जास्त कमावून गेला. मग दिवाळीत ‘भूल भुलैया ३’. २०२५च्या दिवाळीत ‘थामा’. यातल्या दोघांची मुळं तर थेट आपल्याकडची आहेत. मुंजा म्हणजे मुंज झाल्यावर पण लग्नाआधी गेलेल्या मुलाचं, पिंपळावर राहणारं भूत, हे गावाकडे कुणालाही विचारा. ‘तुंबाड’च्या मागे नारायण धारपांची ‘आजी’ ही कथा आहे (तिच्याही मागे स्टीफन किंगची एक कथा आहे, पण तो विषय वेगळा). म्हणजे मराठी भुतांचे दिवस एकदम मस्त चाललेत. फक्त ती हिंदी बोलतात आणि थिएटरमध्ये राहतात.

सिनेमाच्या बाबतीत सरकारनेही एक गोष्ट मान्य केली आहे. २०२३मध्ये सिनेमॅटोग्राफ कायद्यात दुरुस्ती झाली आणि जुन्या सरसकट ‘यूए’चे तीन तुकडे झाले : यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+. सातवीतल्या पोराला जे झेपतं ते दुसरीतल्याला झेपेलच असं नाही, एवढाच त्याचा साधा अर्थ. घरात हे सर्टिफिकेट किती पाळलं जातं ते जाऊ द्या, मोबाइलवर तर विचारतंय कोण! पण निदान पायऱ्या आखल्यात.

आता मराठी पुस्तकांच्या दुकानात जा आणि ‘दहा वर्षांच्या मुलासाठी भुताचं पुस्तक’ मागा. मी मागितलं. आधी परीकथा, पंचतंत्र, बोधकथा आणि थोर पुरुषांची चरित्रं पुढ्यात आली. मी म्हटलं, नाही, भुताचंच हवंय. तेव्हा मागच्या शेल्फवरून धारप आले, रत्नाकर मतकरींच्या गूढकथा आल्या, हृषीकेश गुप्ते यांचं ‘अंधारवारी’ आलं. सगळी जबरदस्त पुस्तकं. पण दहा वर्षांच्या मुलाची? एकीकडे राक्षस म्हणजे लाल गालांचा जाडू काका आणि दुसरीकडे एकदम माणसाच्या मनातला कुजका अंधार. मधे एखादं-दुसरं पुस्तक सापडतं, पण शेल्फ नाही. खालची पायरी आहे, वरची आहे, मधल्या तीन गायब. बरं, याच मधल्या वयात मूल ठरवत असतं की आपण वाचणारे आहोत की नाही.

जगात या मधल्या शेल्फला ‘मिडल ग्रेड’ म्हणतात. साधारण आठ ते बारा. चित्रांची पुस्तकं संपलेली असतात, टीनएजचं प्रेम-ब्रेकअप अजून सुरू व्हायचं असतं. या शेल्फवर भुतं किती मजेत राहू शकतात ते बघायचं असेल तर १९९२च्या अमेरिकेत जावं लागेल. आर. एल. स्टाइन नावाचा लेखक तोवर मुलांसाठी विनोदी लिहायचा, ‘जोव्हियल बॉब’ म्हणजे हसरा बॉब या नावाने. मग टीनएजर मुलांसाठी त्याने भयकथा लिहिल्या. जुलै १९९२मध्ये त्याच्यापेक्षाही लहान मुलांसाठी ‘गूजबम्प्स’ सुरू झालं. १९९७पर्यंत मूळ मालिकेची ६२ पुस्तकं निघाली. सरासरी काढा, जवळपास महिन्याला एक! आजवर जगभरात ४० कोटींहून जास्त प्रती खपल्यात.

तुमच्यातल्या अनेकांनी ती वाचली असतील, रद्दीवाल्याकडची, पानं पिवळी पडलेली. मोठेपणी परत उघडून बघितली तर साहित्य म्हणून ती फार ग्रेट वाटत नाहीत, हेही सांगून टाकते. पण त्यांच्यामागे एक पक्की कारागिरी आहे. नायक किंवा नायिका बहुतेक वेळा बारा वर्षांची, म्हणजे वाचणाऱ्यापेक्षा जरा मोठी. घर बदललंय, शाळा बदललीय, मोठी माणसं ऐकून घेत नाहीत. प्रत्येक प्रकरण अशा जागी तुटतं की पुढचं पान उलटावंच लागतं, आणि उलटलं की अर्ध्या वेळा कळतं, ते भूत नव्हतं, धाकटा भाऊ होता. रक्त जवळपास नाही. मरण आलंच तर कडेकडेने. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हे सगळं खोटं आहे, हे मुलाला कुठेही विसरू द्यायचं नाही. स्टाइनने हे मुलाखतींमधून वारंवार सांगितलंय : मुलाला कळलं पाहिजे की ही कल्पना आहे, असं खरं घडत नाही. विनोदी लेखकाला हे जमलं यात मला आश्चर्य वाटत नाही. घाबरवणं आणि हसवणं, दोन्हीत टायमिंगच लागतं. (जाता जाता : त्याच्या मुलाच्या डोक्यात एकदा रबरी मुखवटा अडकला होता, त्यावरून ‘द हॉन्टेड मास्क’ सुचलं. त्या मुलाने बापाचं एकही ‘गूजबम्प्स’ वाचलेलं नाही!)

मोठ्या माणसांना हे आवडलं का? छे. अमेरिकन लायब्ररी असोसिएशन दर दशकाला एक यादी काढते, कुठली पुस्तकं शाळा-लायब्ररीतून काढा म्हणून सगळ्यात जास्त तक्रारी आल्या त्याची. १९९० ते ९९च्या यादीत ‘गूजबम्प्स’ पंधराव्या नंबरवर होतं. पहिला नंबर कुणाचा? तोही मुलांच्याच भयकथांचा. ॲल्विन श्वार्ट्झ यांनी लोककथांमधून गोळा केलेल्या ‘स्केअरी स्टोरीज टू टेल इन द डार्क’ या १९८१ पासूनच्या तीन पुस्तकांचा. त्यातल्या गोष्टी दोन-दोन पानांच्या, पण स्टीफन गॅमेल यांची चित्रं अशी की बघून मोठ्यांचीही झोप उडावी. २०११मध्ये प्रकाशकाने चित्रं बदलून सौम्य केली, तेव्हा ओरडा कुणी केला? लहानपणी त्याच चित्रांना घाबरलेल्या, आता आईबाप झालेल्या वाचकांनी. जुनी चित्रं पुढे परत आणावी लागली.

आणि भांडण अजून संपलेलं नाही, फक्त बाजू बदलली. मार्च २०२३मध्ये बातमी आली की ‘गूजबम्प्स’च्या ई-बुक आवृत्त्यांमध्ये शंभरावर बदल झालेत. कुणाच्या जाडीबद्दलचा शब्द, कुणाला ‘वेडा’ म्हटलेलं, असं बरंच काही गुळगुळीत केलं गेलं. लेखकाने जाहीर केलं की आपण एक शब्दही बदललेला नाही आणि हे बदल आपल्याला दाखवलेच नव्हते. प्रकाशकाचं म्हणणं, भाषा आजची ठेवायला आणि मुलांच्या मनात स्वतःबद्दल वाईट प्रतिमा तयार होऊ नये म्हणून हे केलं. नव्वदीत तक्रार होती की पुस्तक फार भीतीदायक आहे, आता तक्रार आहे की ते पुरेसं प्रेमळ नाही. मला त्यातल्या काही शब्दांबद्दल खरंच वाटतं की गेले ते बरं झालं, पण लेखकाला न विचारता? असो. तिथे निदान भांडायला पुस्तकं आहेत.

आपल्याकडे ही पायरी कधीच नव्हती असं मात्र नाही. आईबाबांना ‘चांदोबा’बद्दल विचारा. दर महिन्याला खांद्यावर प्रेत घेऊन स्मशानातून चालणारा विक्रम आणि त्या प्रेतातून बोलणारा वेताळ, हे चक्क मुलांच्या मासिकात, रंगीत चित्रासकट! ते चित्र काढणारे शंकर २०२०मध्ये वारले. त्या चित्राचा एका अख्ख्या पिढीला कुणी त्रास झाल्याचं म्हणताना मी तरी ऐकलेलं नाही. मतकरींनी १९६२मध्ये ‘बालनाट्य’ ही संस्था काढली आणि ‘अलबत्या गलबत्या’मधली चिंची चेटकीण रंगमंचावर आणली. दिलीप प्रभावळकरांनी ती केली, २०१८च्या नव्या संचात वैभव मांगलेंनी केली आणि पोरांनी पुन्हा थिएटरं डोक्यावर घेतली. आता गंमत बघा. हेच मतकरी मराठीतल्या सगळ्यात अस्वस्थ करणाऱ्या गूढकथांचेही लेखक. एकाच माणसाच्या हातात पहिली पायरीही होती आणि शेवटचीही. चिंचीला टाळ्या वाजवणारं पोर मतकरींच्या गूढकथांपर्यंत पोचायला मधली सहा-सात वर्षं जातात. त्या वर्षांत त्याने काय वाचायचं?

मधल्या वयासाठी मराठीने दिला तो फास्टर फेणे. भा. रा. भागवतांचा बनेश हा अस्सल मिडल ग्रेड हिरो : काटकुळा, सायकलवर सुसाट, ट्टॉक करून संकटात उडी मारणारा. पण त्याची गोष्ट धाडसाची, भयाची नाही. चोर, स्मगलर, हेर. भूत दिसलं तर त्याच्या मागे माणूस निघणार, असा तो काळ. आणि २०१७मध्ये या बनेशचा सिनेमा झाला तेव्हा तो शाळकरी मुलगा राहिलाच नाही, मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेला पुण्यात आलेला तरुण झाला. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार. त्यांनीच पुढे ‘झोंबिवली’ केला, ‘मुंजा’ केला, ‘थामा’ही त्यांचाच. एकाच दिग्दर्शकाच्या कामात तुम्हाला सगळा प्रवास दिसतो. मराठी पोराचा हिरो मोठा झाला आणि मराठी भूत हिंदीत गेलं. याचा दोष सरपोतदारांना देण्यात काही अर्थ नाही, तिकीट कोण काढतं ते त्यांना बघावंच लागतं.

‘तुंबाड’मध्येही तेच. पहिल्या भागात त्या भयंकर म्हातारीसमोर रात्री एकटा कोण असतो? एक लहान मुलगा. मूल गोष्टीत आहे, गोष्टीसमोर नाही.

‘मग काय बिघडलं? मुलांना कशाला घाबरवायचं?’ हा प्रश्न तुम्हाला घरातून येणारच. याच्यापेक्षा गंभीर आणि खास महाराष्ट्राचा प्रश्न दुसरा आहे. जिथे २० ऑगस्ट २०१३ला डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली, जिथे त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला, तिथे आपण मुलांना भुताच्या गोष्टी द्या म्हणायचं? त्या कायद्याची अनुसूची वाचून बघा. पहिलंच कलम आहे भूत उतरवण्याच्या बहाण्याने माणसाला मारहाण करणं, दोरीने-साखळीने बांधून ठेवणं. आपल्याकडे भूत हे हॅलोवीनचं डेकोरेशन नाही. त्याच्या नावाने आजही बाईला मारलं जातं, आजारी पोराला डॉक्टरकडे न नेता दुसरीकडेच नेलं जातं. २०१६मध्ये ‘रात्रीस खेळ चाले’ सुरू झाली तेव्हा कोकणातूनच आक्षेप आले की आमचा प्रदेश अंधश्रद्ध दाखवताय. तो राग मला तरी फालतू वाटत नाही.

पण या प्रश्नाचं उत्तर शोधताना एक गोष्ट लक्षात येते. अंधश्रद्धा वाढवायला गोष्ट लागत नाही, दावा लागतो. आणि आज पोरांच्या कानावर जे आदळतं ते दावेच आहेत. यूट्यूबवर मराठीत ‘भूत’ टाइप करा. थंबनेलवर लाल अक्षरात काय येतं? ‘सत्य घटना’. ‘अमुक घाटात ड्रायव्हरला आलेला अनुभव’. ‘हेडफोन लावून एकट्याने ऐकू नका’. माझा दहा वर्षांचा मावसभाऊ हे रात्री पांघरुणात ऐकतो आणि सकाळी मला विचारतो, ‘ताई, तो घाट आपल्या रस्त्यात लागतो का?’ त्याला भुताची भीती वाटते याचं मला काही वाटत नाही. त्याला पत्ता विचारावासा वाटतो, याचं वाटतं.

मोमो आठवतोय? २०१८, आपल्यातले कितीतरी जण तेव्हा दहावीच्या आसपास होते. बाहेर आलेले डोळे, ताणलेलं तोंड, आणि मेसेज असा की हा नंबर सेव्ह केला तर मोमो तुम्हाला टास्क देतो आणि जीव घ्यायला लावतो. तो चेहरा खरं तर जपानमधल्या एका स्पेशल इफेक्ट्सच्या स्टुडिओत घडवलेल्या शिल्पाचा होता. देशोदेशीच्या पोलिसांनी इशारे दिले, आपल्या सरकारनेही सल्लापत्रक काढलं. पुढे पाश्चात्य देशांत मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थांनी सांगितलं की यात अफवेचाच भाग जास्त आहे. पण ही अफवा पोरांपर्यंत पोचवली कुणी? फॅमिली ग्रुपवर, काळजीपोटी, ‘सगळ्या पालकांना फॉरवर्ड करा’ म्हणत, मोठ्यांनी. त्या भीतीला ना शेवटचं पान होतं ना लेखकाचं नाव.

छापलेल्या भयकथेला या दोन्ही गोष्टी असतात आणि मला वाटतं सगळा फरक तिथेच पडतो. मुखपृष्ठावर लिहिणाऱ्याचं नाव असतं, म्हणजे हे कुणीतरी रचलंय, हे पहिल्याच नजरेत कळतं. वेग वाचणाऱ्याच्या हातात असतो. थिएटरमध्ये आवाज कधी वाढणार ते साउंड डिझायनर ठरवतो. रीलमध्ये तर पुढे काय येणार तेही तुम्ही ठरवत नाही. पुस्तकात जिन्यावर पावलं वाजली आणि नकोसं झालं तर मूल पुस्तक मिटतं, उशीखाली ठेवतं, आईजवळ जाऊन पाणी पिऊन येतं, आणि वाटलं तर परत उघडतं. आणि पुस्तकातलं भूत तेवढंच भयानक दिसतं जेवढं वाचणाऱ्याचं डोकं त्याला दाखवतं. आठ वर्षांचं डोकं साधारण आठ वर्षांना झेपेल असंच चित्र काढतं.

डेन्मार्कच्या आरहूस विद्यापीठात ‘मौजेची भीती’ या विषयावरच अभ्यास करणारा एक गट आहे. हॉन्टेड हाउसमध्ये आलेल्यांच्या हृदयाचे ठोके मोजून त्यांनी २०२०मध्ये दाखवलं की मजा सगळ्यात जास्त येते ती मधल्या भीतीला. फार कमी भीती म्हणजे कंटाळा, फार जास्त म्हणजे नुसता त्रास. याच मंडळींच्या दुसऱ्या एका अभ्यासात, कोव्हिडच्या सुरुवातीच्या काळात हॉररप्रेमी लोक मानसिकदृष्ट्या जरा जास्त टिकून राहिल्याचं दिसलं. तो अभ्यास मोठ्या माणसांवरचा होता, त्यावरून ‘मुलाला भयकथा द्या, स्ट्राँग होईल’ असा पालक-टॉनिकचा निष्कर्ष काढू नका. मला त्यातला ‘मधली भीती’ हा शब्दच पुरेसा आहे. आपल्या मुलांना भीती भरपूर मिळतेय. मधली मिळत नाही.

हे भारतीय भाषेत जमणार नाही, असं म्हणाल तर बंगालीकडे बघा. तिथे मुलांसाठी भुताच्या गोष्टी लिहिणं हे मोठ्या लेखकाला कमीपणाचं वाटत नाही. सत्यजित राय यांनी लिहिल्या, लीला मजुमदार यांनी लिहिल्या. शीर्षेंदु मुखोपाध्याय यांच्या ‘गोंसाईबागानेर भूत’ची कल्पना ऐका : बुरून नावाच्या मुलाला गणितात १३ मार्क पडलेत. घरात कुणी त्याच्याशी धड बोलत नाही. तो जंगलात जातो, तिथे निधिराम नावाचं भूत त्याला घाबरवायला येतं. पण बुरून इतका दुःखी आहे की त्याला घाबरायलाच सुचत नाही. आता भूतच हवालदिल, भुतांमध्ये त्याची इज्जत काय राहणार? यात अंधश्रद्धा कुठे आहे सांगा. १३ मार्कांची भीती मात्र शंभर टक्के खरी आहे, आणि ती कुठल्याही बोधकथेपेक्षा जास्त प्रेमाने हाताळलीय.

मग मराठीत अडतंय कुठे? लेखकांकडे कल्पना नाहीत असं म्हणणं मला पटत नाही. ‘मुंजा’ आणि ‘तुंबाड’नंतर तर अजिबात नाही. मला वाटतं, अडतंय ते काउंटरवर. मराठी पुस्तक घेताना पैसे आईबाबा देतात, निवडही तेच करतात आणि ‘यातून काय शिकायला मिळेल’ हा प्रश्न पुस्तकाच्या पाठीवर वाचला जातो. भूत काय शिकवणार? अमेरिकेत ‘गूजबम्प्स’ चाललं त्यात एक साधी व्यवहाराची बाजू होती. पातळ, स्वस्त पेपरबॅक, आणि ती विकायला शाळेतच भरणारी प्रकाशकाची पुस्तकजत्रा. तिथे मूल स्वतःच्या खिशातल्या पैशांनी, स्वतःच्या हाताने, मित्र काय घेतोय ते बघून पुस्तक उचलतं. त्या वेळी शेजारी बाबा उभे नसतात. आपल्याकडच्या बऱ्याच इंग्रजी शाळांमध्येही अशी जत्रा भरते. मराठी शाळेत मुलाला स्वतःच्या हाताने पुस्तक निवडायची संधी वर्षातून किती वेळा येते? बक्षीस समारंभात तर पुस्तक आधीच पॅक केलेलं असतं.

३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला. आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले, मीही ठेवला. दोन हजार वर्षांची भाषा वगैरे सगळं खरं. पण भाषा पुढे जाते ती पांघरुणात टॉर्च लावून वाचणाऱ्या चौथी-पाचवीतल्या पोरांमुळे, आणि त्यांच्या टॉर्चच्या उजेडात आत्ता इंग्रजी पानं आहेत, नाहीतर टॉर्चऐवजी स्क्रीनच आहे.

आता हे पान वाचणाऱ्यांपैकी जे लिहितात, चित्रं काढतात किंवा पॉडकास्टच्या नावाखाली रूममेटला छळतात, त्यांच्यासाठी. सुरुवात करायला पैसे लागणार नाहीत. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक ऑनलाइन मोफत वाचता येतात. आधी ते चाळा, या वयाशी मराठीत कुठल्या सुरात बोलतात ते कानात बसेल. मग आजीला गाठा. युरोपच्या व्हॅम्पायरला जसे नियम असतात, लसूण चालत नाही, आरशात दिसत नाही, तसे आपल्या भुतांनाही आहेत, आणि त्यांच्यापेक्षा भारी. चकवा जीव घेत नाही, फक्त रस्ता चुकवतो, रात्रभर एकाच शेताभोवती फिरवतो. हाकामारी दारात येऊन नावाने हाक मारते, पहिल्या हाकेला ओ द्यायची नसते. देवचार कोकणात वेशीवरचा राखणदार असतो, त्याचा मान ठेवला तर तो वाट दाखवतो. दहा वर्षांच्या मुलाला नियम फार आवडतात. नियम असला की सुटायची पळवाट असते, आणि पळवाट शोधायला डोकं लागतं, मंत्र नाही.

फक्त ‘सत्य घटना’ हे दोन शब्द कुठेही लिहू नका.

मी एक कल्पना फुकट देते, कुणीही घ्या. ठाण्यातली एक जुनी सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेलीय. कंपाउंडमधला पिंपळ बिल्डरने पाडला. त्या पिंपळावरचा मुंजा, वय कायमचं दहा, नव्या टॉवरमध्ये राहायला येतो. त्याला लिफ्टची भीती वाटते. सातव्या मजल्यावरची अकरा वर्षांची मुलगी मराठी शाळेतून नुकतीच इंग्रजी शाळेत गेलीय, वर्गात तिच्याशी कुणी बोलत नाही. रात्री साडेआठला लाइट जातात, लिफ्ट चौथ्या-पाचव्या मजल्यांच्या मधे अडकते. आत ती एकटी आहे, असं तिला वाटतंय.